शेटजींची गाडी

इंग्रजी मला येत नाही, पण पोटच्या पोरानं मारलेली थाप कळते. परवा मुलगा मला इथं आयर्लंडात लिमरिकजवळच्या एका मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघायला घेऊन गेला. तिथं एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती, गिअर स्टिअरिंगलाच. तसलीच मी सांगलीत शेटजींकडे बावीस वर्षं चालवली. मुलगा तिच्या आयरिश मालकाशी काही बोलला आणि माझ्याकडे बघेना.

“काय सांगितलंस?”

“आमच्या घरी अशी गाडी होती म्हणालो. जाऊ द्या ना, अण्णा.”

“आपली नव्हती. मी ड्रायव्हर होतो. तेवढं सांग.”

त्यानं हळू आवाजात सांगितलं. मालक “ग्रँड” म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘छान’, आणि मैदानात एक चक्कर मारायला किल्ली माझ्या हातात ठेवून पुढे बसला. सवयीनं मी मागचं दार उघडून उभा राहिलो. मुलगा आत बसला. लहानपणी त्यानं फार हट्ट केला, पण शेटजींच्या गाडीत मी त्याला एकदाही बसू दिलं नव्हतं.

मी आरसा नीट केला.

“बोला साहेब, कुठं जायचं?”

तो सीटला मागे रेलून बसला. मग म्हणाला, “मैदान लहान आहे, अण्णा. सावकाश घ्या.”