शेवटच्या बाकावरचं ‘नाही’

नाही हो, माईक बिघडलेला नाही. माझा आवाजच असा आहे. मागच्या रांगेतल्यांनी माईकवाल्याला खुणा करणं थांबवावं, तो बिचारा उगाच घाम पुसतोय. आमचे हे गेल्यावरसुद्धा घरी फोन यायचे, साहेब आहेत का म्हणून. मी नुसतं ‘कोण?’ म्हटलं की पलीकडचा माणूस नमस्कार साहेब म्हणून काम सांगून मोकळा व्हायचा. त्यातली काही कामं मी करूनही टाकली.

तर, सभागृहाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मंत्रीमहोदय, सत्ताधारी पक्षाचे प्रतोद, म्हणजे ज्यांच्याकडे बघून त्यांचे सदस्य हात वर करतात ते, पहिल्या रांगेतल्या आमच्या काकू, दोन्ही बाजूंचे सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी जमलोय ते तात्या. तात्या, जागे आहात ना? आहेत.

मघापासून सगळ्यांनी तात्यांच्या झोपेवर विनोद केले. मला त्याचा हक्क सगळ्यांत जास्त. पाच वर्षं त्यांच्या बाकावर बसले मी. ह्यांच्या जागेवर निवडून आले म्हणून अख्ख्या सभागृहाची वहिनी, पण पक्ष कुठलाच नाही. अपक्ष बाईला बसवायचं कुठे? तात्यांच्या शेजारची जागा कोणी घेत नव्हतं, ती मला दिली. जेवणानंतर गालाला हात लागला की तात्या गेले. काकू, सभागृहात ते घोरत नाहीत हं. घरी घोरत असतील तर तुमच्याशी मोकळेपणाने वागतात असं समजा.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. कायदा कसा होतो ते मला तात्यांनी शिकवलं, जागे असताना. म्हणाले, वहिनी, विधेयक म्हणजे स्थळ. पहिल्यांदा नुसतं दाखवायचं, तेव्हा कोणी वाकडं बोलत नाही. दुसऱ्या बैठकीला एकेक कलम घेऊन नाक-डोळे बघायचे. शंका आली तर चार शहाण्यांच्या समितीकडे पाठवायचं. तिसऱ्यांदा होकार. मग दुसऱ्या सभागृहात सगळं पुन्हा, कारण आत्याबाईंना विचारलं नाही असं व्हायला नको. शेवटी राज्यपालांची सही. एवढ्यातून पार पडलं की कायदा.

आणि मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक? ते शुक्रवारी दुपारी निघतं. निम्मं सभागृह गावच्या गाडीत बसलेलं असतं. मंत्री उठून म्हणतात, भावना योग्य आहे, सरकार विचार करील. सदस्य म्हणतो, मी मागे घेतो. की सगळे चहाला.

माझं विधेयक छोटंसंच होतं. नवरा गेल्यावर घराच्या कागदावर बायकोचं नाव लागायला दिराची सही लागू नये. माझे थोरले दीर, मान राखून सांगते, दर खेपेला चहा पाजायचे आणि पेन सापडत नाही म्हणायचे. मी निवडून आले आणि त्यांना पेन सापडलं.

आदल्या दिवशी मंत्रीमहोदयांनी मला बोलावून घेतलं. जगात दीरही पुष्कळ आहेत आणि तेही मतदार आहेत, असं काहीसं म्हणाले. विधेयक मागे घ्या, तुमच्या भागातला पूल मंजूर करतो. पूल मला हवाच होता. तिथे अजून आजारी माणसाला खाटेवर घालून पाण्यातून नेत होते. मी शब्द दिला, की उद्या उभी राहून ‘मागे घेते’ असं म्हणेन.

आणि मी तसं म्हणालेही. साक्षीदार इथे व्यासपीठावरच आहेत. पण मागे घ्यायलाही सभागृहाची परवानगी लागते. अध्यक्ष विचारतात, परवानगी आहे ना? एरवी कोणी मान वर करत नाही. पण एकानेही नाही म्हटलं की मत घ्यावं लागतं. त्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं आणि आमच्या बाकावरून जाडसर आवाजात ‘नाही’ आलं.

सगळे वळले. मी कागद आवरत होते. तात्या दचकून सरळ झाले, चष्मा कपाळावर. अध्यक्षांनी विचारलं, “सन्माननीय सदस्यांचा विरोध आहे का?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. आपल्या पक्षाच्या प्रतोदांकडे बघितलं, ते ‘विरोध नाही म्हणा’ अशी जोरजोरात मान हलवत होते. मग चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, “एकदा सांगितलं ना, नाही म्हणून.”

मतदानाची घंटा झाली. चहाला गेलेले विरोधक धावत आले. कशावर मत द्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सरकारला हवंय त्याच्या उलट, एवढं पुरे होतं. सरकारचे निम्मे सदस्य गावच्या गाडीत होते. दारं लावली, मोजणी झाली, परवानगी मिळाली नाही. आता वार्ताहरांच्या देखत विधवांचं विधेयक पाडणार कोण? ते समितीत गेलं, परत आलं, आत्याबाईंकडून सुटलं, सही झाली. पूलही झाला. मी शब्द पाळला होता ना.

यंदा तात्यांचं तिकीट कापलं. वय झालं, सभागृहात झोपतात, असं कारण दिलंय. खरं कारण मला आणि काकूंना माहीत आहे. त्या शुक्रवारनंतर प्रतोद त्यांच्या मागे लागले होते, झोपेत बोललो असं लिहून द्या, विषय मिटवू. तात्यांनी दिलं नाही, जागा होतो म्हणाले. मी एकदा विचारायला गेले, तात्या, असं का केलंत? म्हणाले, “वहिनी, झोपलेल्या माणसाला कारणं विचारू नयेत.” आणि गालाला हात लावला.

पक्षाची यादी अजून बाहेर पडलेली नाही, असं ऐकते. म्हणून आजचा हार थोडा लवकर घातलाय, असं माझं मत. मला कोणी विचारलेलं नाही.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. माईकवाल्या दादांचे जास्त. बोलण्यात कोणाला टोचलं असेल तर वहिनी आहे म्हणून पोटात घाला. आणि प्रतोदसाहेब, यादीला हात लावण्याआधी एवढं ऐका.

ते पहिलं ‘नाही’ माझं होतं. तात्या गाढ झोपले होते.