खडकावरची मंडळी

प्रयोगशाळेतला पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढलेल्या वायरमनला खाली बाकावर बसलेल्या नणंद-भावजयीचं बोलणं ऐकू येत होतं. दोघी शिंपले विकणाऱ्या. मध्ये झाकलेली बादली.

"वहिनी, इथल्या तपासणीवाल्या मॅडम काय म्हणाल्या आठवतंय ना? परदेशी शिंपले सगळीकडे पसरलेत. आपल्या खडकावरच्या गावठी शिंपल्यांचं रक्त एकमेकांपासून वेगवेगळं निघालं, तरच खडक राखणार. नाहीतर सगळा खरवडणार."

"म्हणून तर काल दिवसभर निवडत बसले."

"निवडत?"

"बाजारात नेतो तसे. वाकडे, ठेंगणे, ठिपक्यांचे समुद्रात सोडले. आता एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं."

"अहो, वेगवेगळेच तर हवे होते."

"चार लोकांसमोर वाकडे ठेवायचे? वन्सं, तुम्हाला पाहायला आले तेव्हा बडबड्या काकांना माळ्यावर बसवलंच होतं ना?"

"माझ्या सासरच्यांनी तिघांना बसवलं होतं. लग्नानंतर एकेक खाली उतरला."

"पण जमलं ना?"

"बरं," नणंद झाकण सारून म्हणाली, "हे दोन एवढे चकचकीत कुठून आले?"

"बादली भरेना, म्हणून परदेशी घातले. सगळ्यांत देखणे तेच आहेत."

वायरमनचा तोंडातला स्क्रू काढायचा राहूनच गेला. दार उघडून मॅडम म्हणाल्या, "या, दाखवा."

नणंदेने बादलीवर पदर टाकला.

"आज नको, मॅडम. ही मंडळी नुसती बोलणी करायला आली होती. माळ्यावरच्यांना घेऊन उद्या येतो."