आकसणारी नळी

"देवेंद्र, बायको चांगली आहे रे तुझी, पण ही बोलत का नाही? आतून काही बिघाड तर नाही ना?"

हे सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या आणि मी पडद्याच्या अलीकडे तांदूळ निवडत बसलेले... तुम्हाला सांगते, नव्या सुनेला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला कान नसतात अशी या घराची ठाम समजूत आहे, आणि माझा नवरा काय म्हणाला असेल? "होईल गं हळूहळू चालू." होईल चालू. मी काही बोलले नाही.

कारण त्या दिवशी घरात खरोखरच एक यंत्र बंद होतं, ते म्हणजे विहिरीवरचा पंप. ओटीवरून जाणारी त्याची वायर घुशीने कुरतडलेली, टाकी कोरडी, रहाट कधीच भंगारात गेलेला, आणि दुपारी गोखिवऱ्याहून माझे आईबाबा जेवायला येणार, लग्नानंतर पहिल्यांदा, म्हणजे माझी आई मोरीतल्या बालदीपासून सगळं बघून जाणार आणि पुढे वर्षभर त्यावर बोलणार. आग्नेल इलेक्ट्रिशियनला बोलवावं, तर तो चर्चच्या सणाच्या लायटिंगसाठी शिडीवर चढलेला, "उतरलो की येतो" म्हणाला... म्हणजे सण झाल्यावर.

बरं, चिकटपट्टी गुंडाळून वेळ भागली असती, पण सासरे म्हणाले, "चिकटपट्टी? ती अडाणी लोक लावतात. शेजारच्या फर्डिनंडने जहाजावरून काय आणलंय माहितीये? आकसणारी नळी. जोडावर घालायची, तापवायची, अशी आवळून बसते की पाण्याची काय बिशाद." मग ते काळे तुकडे ताटलीत मांडले, नैवेद्यासारखे, मेन स्विच बंद केला, तारा सोलल्या, टोकाला टोक पिळलं, पकडीने दाबलं, जोड असा की बघत राहावं... आणि नळ्या ताटलीतच. मला वाटलं, यांच्याकडे काही वेगळी पद्धत असेल. नवीन आहे मी, मला काय माहीत? मी काही बोलले नाही.

"आता तापवायची कशाने?" यावर तिघांची परिषद बसली. आधी खिळ्यावर एक तुकडा चढवून प्रयोग करायचा ठरला. मेणबत्ती धरली, तर काजळीच काजळी, नळी जिथल्या तिथे. देवेंद्रने भरकन खिशातून लायटर काढला. सासूबाई नळी विसरल्या. "हा तुझ्याकडे कुठून आला?" "मित्राचा आहे." "मित्र तुझ्या खिशात राहतो?" मला तो मित्र चांगला माहीत आहे, रोज जेवणानंतर केळीच्या बागेत भेटतो... मी काही बोलले नाही. मग गॅस. तुकडा वितळून बर्नरवर बसला, कोळंबीच्या कालवणाला रबराचा वास, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना सांगा, आमच्याकडे असंच करतात." मग इस्त्री, ती ढिम्म गरम होईना. "इस्त्री गेली," सासरे म्हणाले. मग माझ्या रुखवतातला केस वाळवायचा ड्रायर आणला, तोही ढिम्म, आणि सासूबाई हळूच, म्हणजे मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू, "रुखवतातल्या वस्तू काय, मांडायलाच असतात." आता मेन कोणी बंद केला होता? मी? मी काही बोलले नाही.

शेवटी देवेंद्रच्याच डोक्यात उजेड पडला. "बाबा, मेन बंद आहे." सासरे शांतपणे म्हणाले, "माहितीये मला. तुझ्या लक्षात येतं का ते बघत होतो." पंपाचं बटण बंद ठेवून मेन लावला, इस्त्री तापली, तुकडा जवळ धरला आणि... आकसला. खिळ्याला असा बिलगला की सासऱ्यांनी तो खिळा सगळ्यांना फिरवून दाखवला, मलाही.

"चला, आता घाला नळी."

आणि तिघे त्या जोडाकडे बघत उभे. वायरचं एक टोक भिंतीत गेलेलं, दुसरं विहिरीत, नळी घालायची कुठून?

"उभी चिरूया," देवेंद्र म्हणाला.

"चिरल्यावर ती नळी राहील का रे?"

"फर्डिनंडनेच चुकीची दिली," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या जहाजावर चालत असेल, इथे नाही चालायची."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि माझ्या आईचा आवाज, "अगोबाई, केवढी ही केळी..."

सासरे एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात खिळा. सासूबाईंचं लक्ष कोरड्या बालदीकडे. चेहरे असे पडलेले, मला काय वाटलं सांगू, सकाळपासून जी गंमत येत होती ती एकदम गेली. आईने या तिघांना असं बघितलेलं मला चालणार नव्हतं. आणि तिघेही, त्या दिवसात पहिल्यांदाच, माझ्याकडे बघत होते.

मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "बाबा, तो जोड सोडा, आधी नळी ओवा, मग तारा पिळा. तोवर मी माझ्या आईबाबांना विहिरीच्या पलीकडून लांबून फिरवून आणते, आणि आई पाय धुवायचं म्हणाली तर सांगते, आमच्याकडे पाहुण्यांना आधी वाडी दाखवायची पद्धत आहे."