वाढत्या अंगाचा ओव्हरलोड

…नाही, पण तुम्हीच सांगा, मोटार काय वाढत्या अंगाची असते? पोराला शर्ट घेताना दोन बोटं ढगळ घेतो आपण, कबूल! पण मोटार? ती जन्मते तेवढीच मरते हो!

झालं काय, साबणाचा कारखाना मेहुण्याचा, वायरमन मी, आणि साबण घोटणारी मोटार एकच. ती थांबली की सगळेच माश्या मारणार! तिचा ओव्हरलोड, म्हणजे तिला जळण्यापासून वाचवणारी डबी, तो बिघडला. मी मोटारीच्या पाटीवरचा मळ नखाने खरवडला, चष्मा पुसला, वाचलं: पंधरा अँपिअर. म्हटलं, "शेटजी, पंधरावर लावता येईल असाच आणा." गेला बाजारात, आला हसत... आणला कोणता? तिसापासून पुढचा! "भावोजी, जरा मोठाच घेतला. वाढत्या अंगाचा!"

तुम्हाला सांगतो, कॉन्टॅक्टर मोठा आणला असता तर मी चकार शब्द काढला नसता. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेचं दार; उघडतं, मिटतं, थोडं रुंद असलं तर बिघडलं कुठे? पण ओव्हरलोड म्हणजे दारावरचा राखणदार! मोटार पंधराच्या वर खायला लागली की दार लावून घेणारा. आणि हा महाराज तिसाशिवाय डोळाच उघडणार नाही! मी काय केलं, खडू घेतला, मोटारीच्या डोक्याशी भिंतीवर रेघ मारली. "हे काय भावोजी?" "उंची मोजतोय. दर महिन्याला बघू, किती वाढली!" तर ह्याने थेट बहिणीला फोन! लगेच घरून आवाज, "अहो, तो एवढ्या हौसेने आणतो, तुमचं मेलं लावायला काय जातं?" अगं, पण मोटार काय वाढत्या अंगाची... जाऊ दे. चाळीस वर्षांचा संसार मोठा की मोटार? लावला!

चौथ्या दिवशी साबण घट्ट झाला. मोटार कण्हतेय, पंचवीस अँपिअर खातेय, मी ओरडतोय "बंद करा, बंद करा!", आणि हा बटणापुढे आडवा, "ओव्हरलोड गप्प आहे ना? मग तुम्ही कशाला बोंबलता?"... भक्कन धूर! राखणदार? गारेगार! मेहुणा त्याच्यावरून हात फिरवत म्हणतो कसा, "क्वालिटी बघा भावोजी! मोटार जळाली, पण ह्याला चटकासुद्धा नाही!"

हसू नका, पुढे ऐका. नवी मोटार आणायला गेला, तो दुप्पट ताकदीची घेऊन आला. का? तर ओव्हरलोडला शोभेल अशी! अरे, मोटार काय वाढत्या अंगाची असते, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात पाटी दिसली... बत्तीस अँपिअर. ओव्हरलोडचा काटा बत्तीसवर आणला.

माप बरोब्बर बसलं हो!