राखणदाराची माहेरवाशीण

ऐका रे पोरांनो. आधी ती बॅटरी विझवा. कासवांच्या अंड्यांवर राखणीला आलात ना? मग डोळे अंड्यांवरच्या जाळीकडे आणि कान माझ्याकडे. आणि निळू, गोष्टीत भूत आहे, मध्येच माझा हात धरायचा नाही!

तर याच किनाऱ्यावर झिलू तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, राहायचा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला बघायला जावई आला, आणि नेमका वारा सुटला! होड्या वर ओढलेल्या. घरात मासा सोडा, माशाचं शेपूटही नाही. आता तांडेलाच्या घरी जावयाला कुळथाची पिठी वाढायची? नाक कापलं जाणार की नाही? कासवाची अंडी तेव्हा लोक खायचे. झिलूनं जेवणं थांबवली, टोपली घेतली, निघाला अंधारात.

वाळूवर माग ताजा. कासवीण नुकतीच अंडी घालून दर्यात परतलेली. झिलूनं खड्डा उकरला, टोपली भरली आणि सुरूच्या बनातली ही मागची वाट धरली.

चालतोय, चालतोय... आणि पोचला कुठं? खड्ड्यापाशी! त्याच! चकवा, दुसरं काय? पण झिलू पक्का. चकव्यावरचा उतारा केला, सदरा काढून उलटा घातला, पुन्हा निघाला. पुन्हा खड्डा! आणि टोपली जड व्हायला लागली. अंडी लिंबाएवढी, वजन जात्याचं! मान मोडायला आली हो.

इतक्यात मागून काठी वाजली. ठक. ठक. बघतो तर घोंगडी पांघरलेला म्हातारा.

"झिलू, टोपलीत काय आसा?"

"कांदे!" वेळ बघा, आणि कांदे बघा!

म्हातारा हसला. हसता हसता वाढला. वाढत वाढत सुरूच्या शेंड्याला गेला! झिलूची बोबडी वळली. गावाचा राखणदार होता तो, रात्री गाव राखणारा देव!

"माझा चेडू बाळंतपणाक म्हायेराक इला," राखणदार गरजला, "आणि तू त्याची पोरां घेवन खंय चललंस?"

चेडू म्हणजे लेक, कळलं ना? कासवीण त्याची लेक! झिलूला घरची लेक आठवली, जड अंगानं चुलीपुढं बसलेली. रडलाच तो. गुडघे टेकले आणि एकेक अंडं अलगद खड्ड्यात परत ठेवलं. वर वाळू लोटली. पायातल्या नव्या वहाणा काढून तिथंच ठेवल्या. राखणदार रात्रभर फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला वहाणाच द्यायच्या. मान वर केली तर म्हातारा गायब! वाट सरळ, आणि टोकाला घरचा दिवा.

झिलू धावत घरी. बायको म्हणाली, "सदरो उलटो कसो?"

"गप, पिठी वाढ."

जावयानं पिठी तीनदा मागून घेतली. मला कसं ठाऊक? अरे, जावई मीच! तशी पिठी पुन्हा मिळाली नाही बघा.

म्हणून सांगतो, टोपली घेऊन त्या वाटेला कधी जायचं नाही. रिकाम्या हातानं खुशाल जा.

श्श... जाळीत वाळू हलली. आली, माहेरवाशिणीची पोरं आली! निळू, माझा हात सोड आणि जाळी उचल. बाजूला व्हा सगळे, त्यांना दर्याकडं जाऊ द्या.