वसंत आला, बसायचं कुठे?

नाही हो, फुलांशी माझं वैर नाही! फुलांनी माझं काय घोडं मारलंय? फुलावं, खुशाल फुलावं, पण माणसाने दिवसभर ऑफिसात मान मोडून घरी यावं, तर त्याला टेकायला वीतभर जागा असावी की नसावी? मी काही सिंहासन मागत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, बसायचं कुठे?

सगळं सुरू झालं त्या मासिकापासून. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत आमच्या हिने ते चाळलं, 'वसंतात घराला नवी पालवी' असा काहीतरी लेख, आणि दाढ राहिली बाजूला, ही बाहेर आली ती सुजलेल्या गालाने म्हणतेय, "निसर्ग घरात आणायचा." तुम्हाला सांगतो, मला वाटलं भुलीचं इंजेक्शन बोलतंय, उतरेल संध्याकाळपर्यंत. कसलं उतरतंय! दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो, टेम्पोत जंगल, आणि ते जंगल जिन्याने वर चढवणारा मी.

पहिली गेली माझी आरामखुर्ची. खिडकीजवळची, बसून बसून माझ्या पाठीचा आकार आलेली. तिथे आता फर्न ठेवलंय. फर्नला सकाळचं कोवळं ऊन लागतं म्हणे. अहो, मलाही लागतं, डॉक्टरांनी लिहून दिलंय! बरं, सोफ्याकडे वळलो, तर सोफाभर उशा. फिकट गुलाबी, फिकट पोपटी, फिकट कसल्याशा... एक जराशी सरकवली, तर मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या टेकायला नाहीयेत, दिसायला आहेत." म्हणजे सोफा दिसायला, उशा दिसायला, आणि मी? मी मध्ये दिसलो की आमच्या हिला सजवलेल्या घराचा फोटो परत काढावा लागतो! मग सांगा, बसायचं कुठे?

बाल्कनीत झोपाळा होता. होता! त्याच्या साखळ्यांवर आता वेल चढवलाय. झोपाळा हलला की वेल बिथरतो, असं हिचं म्हणणं. आणि संध्याकाळी ही त्या वेलाशी बोलते, ऐका हं, अगदी मऊ आवाजात, "दमलास का रे राजा? ऊन फार होतं ना आज?" अहो, मी मागे डबा हातात घेऊन उभा! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कोणी राजा म्हटलं नाही. वाईट वाटलं हो... हसू नका.

परवा तर कळस झाला. कोपऱ्यात एक मोठी कुंडी पालथी घातलेली दिसली, रिकामी. म्हटलं देव पावला, आणि टेकलो. रंग ओला होता. पोपटी. ही धावत आली, मला वाटलं माझ्या पँटकडे बघेल, तर कुंडीकडे बघते! "अहो, वाळत आला होता ना रंग. आता परत हात मारायचा का?" आणि अबोला. मी मागे पोपटी वर्तुळ घेऊन ओट्याशी उभ्याउभ्या जेवलो. बसायचं कुठे?

काल मात्र माझं डोकं सटकलं. तडक ही सगळी झाडं पाठवणारी नर्सरी गाठली, भांडायलाच. बघतो तर काय, नर्सरी ओस! मोकळी जागा, वारा, सावली... आणि त्या सावलीत खुर्च्या टाकून आमच्याच इमारतीतले नवरे बसलेले. तळमजल्यावरचे वकील, समोरचे हेडमास्तर, पाय लांब करून! वकिलांनी नुसती खुर्ची सरकवून जागा केली. नर्सरीवाला म्हणाला, "बसा साहेब, माल सगळा तुमच्याच घरांत गेलाय, इथे आता जागाच जागा." बसलो. काय सांगू तुम्हाला, गुडघ्यांना आधी खरंच वाटेना.

निघताना त्याने हळूच एक पाम माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "रोज येत जा साहेब. फक्त जाताना एखादं रोप नेत जा."

तुम्ही म्हणाल, भांडायला गेलेला माणूस झाड घेऊन परत आला? आलो. घरात दाराशी चपला काढण्यापुरती जागा उरली होती, ती त्या पामने खाल्ली. आज जाईन, आजही एक आणीन. कळतंय हो मला सगळं, मी काही खुळा नाही... पण काय करू, तो बसू तर देतो!