सुमनमावशींचं शिफारसपत्र

परदेशात एमबीएला प्रवेश मिळाला खरा, पण सुमनमावशींच्या शिफारसपत्रानं मुलाखतीत माझी पार फजिती केली. मी रिठदच्या शेतकरी कंपनीत मॅनेजर होते आणि मावशी अध्यक्ष. आदल्या वर्षी प्रवेशाची शेवटची फेरी उरली होती, तरी मी घाईघाईनं अर्ज भरायला बसले.

मावशी म्हणाल्या, "आता कायले धावून राह्यली? जागा भरत आल्या असतीन. आपली दालमिल एक हंगाम चालव, मंग पयल्या फेरीत अर्ज कर. तवा सांगाले काही राहीन."

मी दोन दिवस रुसले, पण थांबले. दालमिल चांगली चालली.

पुढच्या वर्षी अर्जासोबतच्या शिफारसपत्रात मावशींना माझा एक दोष विचारला होता. त्यांनी तो आपल्या मास्तर भावाकडून इंग्रजीत लिहून घेतला आणि मला न दाखवताच पाठवला.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या अध्यक्षांनी लिहिलंय, ही मुलगी मला विचारल्याशिवाय एकही निर्णय घेत नाही, तेवढं तिला शिकवा. खरं आहे का हे?"

मी नकळत बाजूला पाहिलं. कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून मावशी तिथं कोपऱ्यात बसल्या होत्या.

त्या हळूच म्हणाल्या, "माह्याकडं काय पाह्यतं? त्याइले सांग."